पुढच्या सालची टीम

बायकोनं आणि मी सोबतीनं केलेलं शेवटचं काम म्हणजे कॉलेजचं व्हॉलीबॉलचं मैदान सारवणं. रविवार होता, शिवरात्र जवळ आली होती. आम्ही दर महिन्याला करायचो तसंच त्या दिवशीही केलं. मी घमेल्यातून शेणकाला ओतत पुढे सरकायचो, ती उकिडवी बसून दोन्ही हातांनी पसरत मागून यायची. साठ फूट लांब आणि तीस फूट रुंद. दोन माणसांना दिवस पुरत नाही, पण आम्हाला सवय होती.

सारवता सारवता ती विचारत होती, "मंगळवारी कितीक पोरं येतीन जी?"

"येतीन सात-आठ."

"दहा पायजेत ना."

"मले ठाऊक हाय दहा पायजेत ते. तू सारव."

"मी सारवूनच राह्यली. तुमचंच तोंड चालून राह्यलं."

दहा कशाला पाहिजे होते ते सांगतो. त्या साली टीममधली पाच पोरं बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, परीक्षा झाली की जाणार. मागे उरत होते तिघं. नवे प्राचार्य म्हणाले, तीन पोरांसाठी एवढी जागा अडवून ठेवता येत नाही, इथे सायकल स्टँड बांधू. आमच्या खेळाच्या सरांनी फार विनवलं तेव्हा त्यांनी एक बोली केली. मंगळवारी सकाळी आठ वाजता मी मैदानावर येतो, पुढच्या साली खेळणारी दहा पोरं मला उभी दाखवा, तर मैदान राहील. नाहीतर उन्हाळ्यात काम सुरू.

मी त्या कॉलेजात चपराशी. शिक्षण चौथीपर्यंत. आधी हिंगणघाटलाच एका जिनात कापसाच्या गाठी उचलल्या, कंबर गेली तेव्हा कॉलेजात लागलो. ते सत्तर सालच्या पुढचे दिवस. मैदान गेलं असतं तरी माझी नोकरी जाणार नव्हती. झाडायला वर्ग होते, घंटा होती. पण मैदान तिनं केलं होतं आणि आमच्या घरात बोलायला तेवढीच एक गोष्ट होती. पोरगी एकच, ती वणीला दिलेली. ती गेल्यावर आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी रात्री जेवताना काय बोलणार. कोणता पोरगा जाऊन राहिला, कोणता येऊन राहिला, पुढच्या साली टीमचं कसं, हेच.

तिनं मैदान केलं म्हणजे काय, तेही सांगतो. सर नवीन आले तेव्हा पंचवीसचे होते. जागा मिळाली ती काळ्या मातीची. पावसाळ्यात पाय रुतायचे आणि होळी झाली की हात जाईल एवढ्या भेगा पडायच्या. पहिल्याच साली दोन पोरांचे पाय मुरगळले. सरांनी मुरुमाच्या बैलबंड्या आणून टाकल्या, त्या पावसात काळ्या मातीनं गिळल्या. एक दिवस ती माझा डबा घेऊन आली. गिरडकडची, शेतकऱ्याची पोरगी. उभ्या उभ्या पाहिलं आणि सरांना म्हणाली, "सर, याचं खळं काऊन नाई करत?"

सर हसले. मला शरम वाटली, की ही आपली शिकलेल्या माणसांत काय बोलते. पण ती ऐकणारी नव्हती. ज्वारीचं खळं करतात तसं तिनं ते केलं. पाणी मारून माती भिजवली, एका शेतकऱ्याची बैलजोडी आणून दिवसभर तुडवून घेतली, मग शेणात बारीक कुटार, म्हणजे भुसा, घालून त्याचा थर दिला. तो वाळला की दुसरा, त्यावर तिसरा. आठ दिवसांनी सरांनी बॉल आपटून पाहिला. दुसऱ्या दिवशी तिला विचारलं, हे किती दिवस टिकेल. ती म्हणाली, मी सारवीन तोवर.

खळ्यात जोडे नेत नाहीत. तिथे धान्य पडतं म्हणून. इथे धान्य कुठे होतं? पण तिनं तो नियम लावला. एक वकिलाचा पोरगा कॅनव्हासचे बूट घालून आत आला तर तिनं मैदानाच्या कडेवरूनच टोकलं, की बूट काढ रे. तो म्हणाला, मामी, हे खळं नाही, कोर्ट आहे. ती म्हणाली, "मंग बापासंग जाय ना कोर्टात." बाकीची पोरं हसली, त्यानं बूट काढले. तेव्हापासून सगळी टीम अनवाणी खेळायला लागली. कडेला चपला-जोड्यांची रांग, देवळाबाहेर असते तशी.

त्याचं फळ पहिल्यांदा विद्यापीठाच्या स्पर्धेला नागपूरला गेलो तेव्हा मिळालं. तिथे पायात बूट पाहिजे असा नियम होता. सरांनी कुठून कुठून दहा जोड मिळवले. एस.टी.त पोरांनी ते मांडीवर घेतले होते, खराब होतील म्हणून. मैदानाजवळ उतरल्यावर घातले. मग आमचं नाव पुकारलं. आमची पोरं मैदानाच्या रेषेपर्यंत गेली, सगळीच्या सगळी खाली वाकली, बूट काढले, रांगेत लावले आणि अनवाणी आत गेली. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. पायांनाच तशी सवय. पंचानं शिट्टी मारली. सगळं मैदान हसत होतं. बूट घालून पुन्हा आत आले तर पाय उचलेनात. एक घसरून पडला, दुसरा त्याच्यावर. पंधरा-दोन, पंधरा-एक, अर्ध्या तासात आम्ही बाहेर. मागून कोणीतरी ओरडलं, खळेवाले आले. ते नाव मग चिकटलंच.

घरी येऊन मी तिला सांगितलं तेव्हा ती जेवली नाही. म्हणाली, माह्या पायी हारले. मी म्हटलं, हो, तुझ्याच पायी. मी असाच बोलतो.

मग तिनं गोणपाट शिवलं. बुटावर घालायच्या पिशव्या, घोट्यापाशी सुतळीनं बांधायच्या. बूटही झाले आणि खळंही उकरत नाही. पोरं आधी कुरकुरली, आम्ही काय बैल आहोत का म्हणाली. पण दोन महिने ते जड गोणपाट पायाला बांधून उड्या मारल्या, आणि नागपूरला जाऊन ते सोडलं तर पाय असे हलके झाले की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. त्या साली आम्ही दोन मॅच जिंकलो. हसणारे तेच होते, पण हसले नाहीत.

नवीन पोरांतून टीम निवडायची तिची एक रीत होती. जून-जुलैत पोरं यायची, उंच उंच, छाती काढून. सर त्यांना बॉल द्यायचे. ती म्हणाली, बॉल मंग द्या, आधी घमेलं द्या. जो पोरगा शेणात हात घालताना मागेपुढे पाहत नाही, तो बॉलासाठी जमिनीवर पडेल. जो नाक धरतो तो उभाच राहील आणि बॉल त्याच्या पायाशी पडेल. सरांनी दोन वर्षं पाहिलं आणि मग तेच करायला लागले. सांगायला विचित्र वाटते, पण ती चुकली असं फार वेळा झालं नाही. वडनेरचा एक ठेंगणा पोरगा होता. सरांनी वगळला होता. त्यानं पहिल्या दिवशी कोपरापर्यंत हात बुडवले. ती म्हणाली, याले ठेवा. तो चार वर्षं आमचा बूस्टर होता. बूस्टर म्हणजे मारणाऱ्यासाठी बॉल वर उचलून देणारा. त्याच्या वेळची टीम सगळ्यात चांगली. उपान्त्य फेरीपर्यंत गेलो एकदा.

त्यानंतर मात्र उतरण लागली. पोरांना टीव्हीवरच्या क्रिकेटचं वेड लागलं. उंच पोरं नागपूरला, वर्ध्याला शिकायला जाऊ लागली. जी आमच्याकडे यायची ती शेण म्हटलं की दुसऱ्या दिवशी येतच नव्हती. सरांच्या मिशा पिकल्या. मीही थकलो. ती थकली होती की नाही, हे मी पाहिलं नाही.

त्या सारवायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सर आमच्या घरी आले. खाटेवर बसले, खिशातून कागद काढला. प्राचार्यांना द्यायला त्यांनी लिहिलं होतं, पुढच्या तीन हंगामांत टीमची काय आशा आहे ते. बारा नावं होती. सर एकेक नाव वाचत होते आणि ती चुलीपुढे बसून नावं खोडत होती.

"हा नाई. उन्हाळ्यात लगन हाय त्याचं, सासरा दुकानात बसवन."

"बरं. हा?"

"ह्यानं शेण पाहून नाक धरलं. दोनदा."

"बाई, नाक धरलं म्हणून मी नाव कसं काढू?"

"नका काढू. पण धरू बी नका."

शेवटी उरले सहा-सात, त्यातले चार अकरावी-बारावीचे. सरांनी विचारलं, मग तुम्हाला काय वाटते. ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "पुढच्या साली पयल्याच मॅचले हारता. त्याच्या पुढच्या साली बी हारता. तिसऱ्या साली ही अकरावीची पोरं तयार होतीन, तवा पाहा."

सर म्हणाले, हे मी प्राचार्यांना कसं सांगू? हरणारी टीम ठेवा म्हणू?

"हारणारीच ठेवा लागते," ती म्हणाली. "जिंकणारी आपली आपण राह्यते."

सर चहा पिऊन गेले. कागद तिथेच खाटेवर विसरले, मी मागे पळत जाऊन दिला.

तर तो रविवार. सारवताना ती तीनदा बसली. म्हणजे उकिडवी होतीच, पण सपाट मांडी घालून बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. पाय सुजले होते. मी विचारलं तर म्हणाली, शेणाच्या पाण्यात असते दिवसभर, फुगतीन नाई तर काय. मला ते खरं वाटलं. दम लागत होता तेव्हा मी चिडलो, म्हटलं, दिवस बुडून राहिला आणि तू आराम करून राहिली. हे मी बोललो. लिहायचंच आहे तर हेही लिहितो. मी तिच्या हातातलं काम घेतलं नाही. मला तसं सारवता येत नाही, माझा हात जाड पडतो, हे खरं आहे. पण घेतलं नाही हेही खरं.

दिवस बुडायच्या आत झालं सगळं. चारही कोपरे. तिनं उभं राहून एकदा पाहिलं आणि म्हणाली, चाला. घरी जाताना वाटेत भाजी घेतली. घरी तिनं वांग्याची भाजी केली, मीठ जरा जास्त पडलं होतं, मी ते बोलून दाखवलं. एवढंच. त्याच्यापुढे आमचं काही बोलणं झालं नाही.

सोमवारी सकाळी ती उठली नाही. श्वास घेताना आवाज येत होता. शेजारच्या बाईनं आणि मी मिळून तिला रिक्षात घातलं, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं आहे, बऱ्याच दिवसांचं असेल, तुम्हाला काही दिसलं नाही का. बारा वाजायच्या आत ती गेली.

वणीला निरोप पाठवला. पोरगी दुपारी तीनच्या गाडीनं आली. कोणी तरी कॉलेजात सांगितलं असेल, सर आले आणि त्यांच्या मागे ती पाच शेवटच्या वर्षाची पोरं. दारात उभी राहिली. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. तिरडी उचलायची वेळ आली तेव्हा त्यातला सगळ्यात उंच पुढे लागला, तर तिरडी एका बाजूनं वर जायला लागली. माझा भाऊबंद त्याला म्हणाला, तू मागं ये रे बाबू, वाकून चाल. तो नदीपर्यंत वाकून चालला.

पोरगा नाही म्हणून अग्नी मीच दिला. न्हाव्यानं डोकं भादरलं. परतताना सर माझ्या बाजूनं चालत होते. म्हणाले, मी प्राचार्यांना सांगून उद्याचं पुढे ढकलतो. मी म्हटलं, ढकलू नका. पुढे ढकलण्यासारखं काय राहिलं आहे, असं मनात आलं. सरांनी विचारलं, तुमच्या हिशेबानं किती येतील? मी म्हटलं, सात.

दुसऱ्या दिवशी रोजच्या वेळेला उठलो. पाच वाजता उठायची सवय. अंगण झाडायला गेलो तर पोरीनं हातातला झाडू घेतला. मी तोंड धुतलं, बंडी घातली आणि बाहेर पडायला लागलो.

"बाबा, कुठी चालले तुमी?"

"मैदानावर."

"दहा दिवस कोनाच्या घरी जाता येत नाई. सुतक हाय आपल्याले."

"घरी नाई जात. मैदानावर जातो."

"आज?"

"आजच हाय थे."

ती रडायला लागली. मी गेलो.

साडेसात झाले होते. सर बॉल काखेत धरून उभे होते. पोरं मोजली, सात. आठवा येतो म्हणाला होता, तो आला नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. म्हणाले, मामा, तुम्ही कशाला आलात, जाऊ द्या आता.

मैदानाच्या मागे बाहेरगावच्या पोरांचं वसतिगृह होतं. मी तिकडे गेलो. सुतकातल्या माणसानं कोणाच्या उंबऱ्यात जाऊ नये, म्हणून मी आत गेलो नाही, रस्त्यावरच थांबलो. फाटकाच्या आत नळ होता. तिथे पंधरा-वीस पोरं होती, कोणी दात घासत होतं, कोणी लुंगीवर बादली भरत होतं. मी रस्त्यावरून आवाज दिला.

"कोन येते मैदानावर?"

पोरं वळून पाहायला लागली. ह्या म्हाताऱ्याला सगळे ओळखत होते, रोज सकाळी घंटा मारणारा. मग त्यांना माझं डोकं दिसलं. एक जण तोंडातला फेस थुंकून पुढे आला. कोणी गेलं का मामा, म्हणाला.

"बायको गेली काल. तीन पोरं पायजेत. आठ वाजेपर्यंत."

"मामा, आमाले खेळता नाई येत."

"तुले येते का म्हनून कोन इचारलं? उभं राहता येते ना."

"उभं राहून काय करायचं?"

"आज नुसतं उभं राहायचं. मंग दोन साल हारायचं. तिसऱ्या साली पाहू."

मागून कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मी रस्त्यावर उभा राहिलो. उन्हाची तिरीप डोक्यावर येत होती, नुकतं केलेलं डोकं चुणचुणत होतं. एका पोरानं बादली खाली ठेवली. पैजामा घालून येतो म्हणाला. मग दुसरा. तिसरा जाडजूड, चष्म्यावाला, त्याला मी सांगितलं, तूही चाल. चौथा बोलावला नव्हता, तरी आला, दातवण तोंडात तसंच.

आम्ही पोचलो तेव्हा प्राचार्य आले होते, घड्याळ पाहत होते. त्यांनी मोजलं. अकरा. चष्म्यावाल्याला विचारलं, तू कधीपासून खेळतोस. तो म्हणाला, "आजपासून, सर." प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या डोक्याकडे. कोणीतरी त्यांना आधीच सांगितलं असेल. त्यांनी सारवलेल्या जमिनीकडे पाहिलं आणि म्हणाले, ठीक आहे, यंदा सायकल स्टँडचं राहू द्या. पुढचं पुढच्या साली पाहू. एवढं बोलून गेले.

सरांनी शिट्टी मारली, पोरांना दोन बाजूंना उभं केलं. दातवणवाला जाळीच्या अगदी खाली जाऊन उभा राहिला. मी त्याला दोन पावलं मागे घेतलं, हात न लावता, लांबूनच सांगून. चष्म्यावाल्याला म्हटलं, चष्मा सरांकडे दे, फुटन. मग सरांना म्हणालो, मी येतो आता, घरी लोक बसायला आले असतील. सर म्हणाले, जा.

घरी आलो. अंगणात सतरंजी टाकली होती, पाच-सहा माणसं बसली होती. कुठे गेला होतात, कोणी विचारलं. मी म्हटलं, कामावर. पोरीनं पायावर पाणी दिलं आणि मी त्यांच्यात जाऊन बसलो.